टाके तिसऱ्याच दिवशी तळाला का जाते?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पाण्याच्या बिलासंबंधी आहेत. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला उत्तर लांबले आहे, कारण त्यात पत्रलेखिकेने अडचणीबरोबर तिचा उलगडाही नकळत लिहून पाठवला आहे.

प्रश्न : खारपाणपट्ट्यातील, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागातील, आमच्या गावाला प्रादेशिक नळयोजनेचे पाणी दोन दिवसांआड, साधारण तीन तास मिळते. घरात आम्ही सहा माणसे आहोत. अंगणात सहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि तीन फूट खोल असे जमिनीतले सिमेंटचे टाके आहे आणि नळ त्यातच सोडलेला आहे. तीन महिन्यांचे बिल एरवी २४ ते २६ युनिटांचे यायचे, ते या वेळी ७१ युनिटांचे आले. कार्यालयात विचारले तर पाणी तुम्हीच वापरले असेल, असे सांगण्यात आले. आमचा वापर मुळीच वाढलेला नाही. उलट पूर्वी पुढचे पाणी येईपर्यंत अर्धे टाके शिल्लक असायचे, आता तिसऱ्या दिवशी तळ दिसतो. मीटर बदलून मागावे का?
— एक वाचक भगिनी, अमरावती जिल्हा

उत्तर : ताई, मीटर बदलून मागण्याची घाई करू नका. पत्रातील शेवटून दुसरे वाक्य पुन्हा एकदा वाचा. वापर तेवढाच असताना टाके लवकर तळाला जात असेल, तर पाणी मीटरमधून खरोखरच आत आले आहे आणि तुमच्या टाक्यातून दुसऱ्या वाटेने निघून गेले आहे. मीटर बिघडला असता, तर बिल वाढले असते, परंतु टाक्यातील पाणी पूर्वीसारखेच पुरले असते.

तरीही आधी बिल नीट वाचून घेऊ. बिलाच्या तळाशी असलेल्या रुपयांच्या आकड्याकडे सुरुवातीला पाहूच नये, कारण त्यात मागील थकबाकी, विलंब आकार आणि स्थिर आकार हे सगळे मिसळलेले असू शकते. पाहायचे ते मागील वाचन, चालू वाचन आणि त्या दोन्ही वाचनांच्या तारखा. दोन वाचनांतील फरक म्हणजे युनिट आणि एक युनिट म्हणजे एक घनमीटर, अर्थात १,००० लिटर पाणी. मीटरच्या तबकडीवरील काळे आकडे घनमीटर दाखवतात, तर लाल आकडे किंवा लाल काटे त्याखालचे लिटर दाखवतात. बिलावर घेतात ते फक्त काळे आकडे. आज सायंकाळी मीटरवरचे झाकण उचलून काळे आकडे वहीत लिहा आणि ते बिलावरील चालू वाचनाच्या पुढचेच आहेत ना, याची खात्री करा. ते मागे असतील, तर वाचन चुकीचे घेतले गेले आहे आणि प्रश्न तिथेच मिटतो.

दुसरी गोष्ट, आधीच्या बिलांवर वाचनाच्या जागी ‘सरासरी’ किंवा ‘घर बंद’ असा शेरा होता का, हे पाहा. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातील सगळे शेतावर असतात, वाचन घेणारा कर्मचारी कुलूप पाहून परत जातो आणि अंदाजाने आकडा लावतो. अशी दोन बिले अंदाजाने गेली, की तिसऱ्या वेळी प्रत्यक्ष वाचन झाल्यावर राहिलेला सगळा फरक एकदम अंगावर येतो. तसे झाले असल्यास ७१ युनिटे केवळ या तीन महिन्यांची नसून मागच्या काळाचीही आहेत. त्यांची विभागणी करून मागण्यासाठी अर्ज करता येतो.

समजा, वाचने खरी आहेत. जल जीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने सहा माणसांना ९० दिवसांत २९,७०० लिटर, म्हणजे सुमारे ३० युनिटे लागतात. तुमची २४ ते २६ युनिटे काटकसरीच्या घराला शोभणारीच आहेत. (गोठ्यातील जनावरे या प्रमाणात धरलेली नाहीत. दुभती म्हैस उन्हाळ्यात एकटीच ६० लिटरच्या वर पाणी पिते. म्हैस नवीन बांधली असेल, तर तो वापर वाढलाच म्हणायचा.) म्हणजे जास्तीची युनिटे उरली ४५, अर्थात ४५,००० लिटर.

आता हे ४५,००० लिटर पाणी कोठून जाऊ शकते, याचा हिशेब दोन प्रकारांनी करून पाहू. गळती मीटर आणि टाके यांच्यामधल्या पाइपात असेल, तर ती फक्त नळाला पाणी असतानाच होणार. ९० दिवसांत पाणी ३० वेळा आले आणि दर वेळी तीन तास राहिले, म्हणजे एकूण ९० तास. त्या ९० तासांत ४५,००० लिटर जायचे, तर तासाला ५०० लिटर, म्हणजे मिनिटाला आठ लिटरांहून अधिक पाणी जायला हवे. हा अर्ध्या इंची तोटी जवळजवळ पूर्ण सोडल्याइतका प्रवाह झाला. एवढे पाणी अंगणातून वाहिले असते, तर दर वेळी चिखल झाला असता आणि शेजारणीने तो तुमच्या आधी पाहिला असता. शिवाय त्या परिस्थितीत टाक्यात पडलेले पाणी मात्र पूर्वीइतकेच टिकले असते.

गळती टाक्याला असेल, तर चित्र एकदम बदलते. टाक्यातून पाणी चोवीस तास झिरपते. ४५,००० लिटर ९० दिवसांवर पसरले, की दिवसाला ५०० लिटर आणि तासाला सुमारे २१ लिटर होतात, म्हणजे तीन मिनिटांना एक लोटा. तीन मिनिटांना एक लोटा पाणी काळ्या मातीत जिरले, तर वर ओलही दिसत नाही. आपल्याकडील ही काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दर वर्षीच्या या फुगण्या-आक्रसण्यात टाक्याच्या भिंतीला आणि तळाच्या सांध्याला ताण बसतो, सिमेंटला तडा जातो आणि त्याच मातीच्या भेगांतून निसटलेले पाणी थेट खाली उतरते.

हे तपासायला मिस्त्री लागत नाही. पाणी येऊन गेल्यावर रात्री दहा वाजता, घरातले सगळे वापरून झाले, की टाक्याच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला कोळशाने खूण करा आणि वर झाकण किंवा ताडपत्री घाला, म्हणजे बाष्पीभवनाने फसगत होणार नाही. सकाळी सहा वाजता, एक गुंडही न भरता, खुणेपासून पाणी किती उतरले ते पट्टीने मोजा. तुमच्या टाक्याचे क्षेत्रफळ ३० चौरस फूट आहे. त्यात एक इंच पाणी म्हणजे अडीच घनफूट आणि एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, म्हणून एक इंच उतार म्हणजे जवळजवळ ७१ लिटर. वरचा हिशेब बरोबर असेल, तर आठ तासांत पाणी सव्वादोन ते अडीच इंच उतरलेले दिसेल. पाणी खुणेलाच असेल, तर टाके निर्दोष आहे आणि मी चुकलो, असे खुशाल समजावे.

पाणी उतरले, तर पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ अशाच खुणा करीत राहा. एका ठरावीक उंचीशी येऊन उतार थांबला, तर तडा त्याच उंचीवर आहे आणि मिस्त्रीला तेवढीच पट्टी खरवडून बुजवता येईल. तळापर्यंत उतार सुरूच राहिला, तर दोष तळात किंवा तळ व भिंत यांच्या सांध्यात आहे. अशा वेळी टाके पूर्ण रिकामे करून, सांधा टाचून, जलरोधक मिसळलेल्या सिमेंटने भरावा लागतो. नुसता वरून सिमेंटचा हात फिरवला, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हेच पत्र लिहावे लागेल. खारपाणपट्ट्यात आणखी एक खूण मिळते. पावसाळ्यात भोवतालची जमीन पाण्याने भरली, की त्याच तड्यातून बाहेरचे पाणी आत येते आणि टाक्यातील पाणी मचूळ लागते. गेल्या पावसाळ्यात तसे लागले होते का, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा.

पाइपाची तपासणीही त्याच निमित्ताने करून घ्यावी. घरातल्या सगळ्या तोट्या बंद करून मीटरकडे पाहत बसा, हा सल्ला सर्वत्र दिला जातो, परंतु तो चोवीस तास पाणी असणाऱ्या ठिकाणी उपयोगी पडतो. आपल्याकडे ही पाहणी पाणी आलेले असतानाच करायला हवी, नाहीतर रिकाम्या पाइपावर काटा हलणारच नाही. पाणी जोरात आल्यावर टाक्यावरचा नळ आणि बाकीच्या तोट्या घट्ट बंद करा आणि तबकडीवरील बारीक चांदणीसारखे चाक किंवा सर्वांत लहान लाल काटा दहा मिनिटे पाहा. तो जरासाही फिरत असेल, तर पाइपात गळती आहे. लोखंडी पाइप असल्यास रात्रीच्या शांततेत सळाखेचे एक टोक पाइपावर आणि दुसरे कानाजवळ धरले, की गळतीजवळ सूं असा बारीक आवाज ऐकू येतो. प्लॅस्टिकच्या पाइपात मात्र आवाज फार लांब जात नाही.

आमच्या गावच्या घरी मात्र ही गळती कोणत्याही साधनाने सापडली नव्हती. मे महिन्यात आमचे कुत्रे निंबाची सावली सोडून भर उन्हात न्हाणीमागच्या एकाच जागी पोट टेकून बसू लागले. त्याला उठवून तिथे हात लावला, तर माती गार होती. दीड फूट खणल्यावर क्षाराने खाल्लेल्या लोखंडी पाइपाला तांदळाएवढे छिद्र सापडले. खाऱ्या जमिनीत लोखंडी पाइप लवकर सडतो, म्हणून अशा ठिकाणी बदलताना काळा प्लॅस्टिकचा पाइपच घालावा.

मीटर हवेने फिरतो, असेही अनेकजण म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पाणी सुटताना रिकाम्या पाइपातील हवा पुढे ढकलली जाते, उघड्या तोटीतून ती फुसफुसत बाहेर पडते आणि तिच्या वेगाने मीटरचा काटाही पळतो. आपली तोटी बंद ठेवून पाणी पूर्ण दाबाने आल्यावरच ती उघडावी, म्हणजे हा हिशेबच उरत नाही. मीटरवरच संशय असेल, तर ज्या जारने आपण पिण्याचे पाणी विकत आणतो तो २० लिटरचा जार पाच वेळा खुणेपर्यंत भरा आणि लाल आकडे आधी व नंतर लिहा. फरक १०० लिटरच्या आसपास हवा. नियमित प्रवाहात दोन टक्क्यांपर्यंतची चूक मीटरला माफ असते, म्हणून ९८ किंवा १०२ लिटर आल्यास भांडण करू नये.

मीटरच्या अलीकडची, म्हणजे आपल्या हद्दीतील गळती ही आपली जबाबदारी मानली जाते. त्यामुळे टाके गळके निघाले, तर बिल माफ होईल, अशी आशा मी दाखवणार नाही. दुरुस्ती करून, तिचा उल्लेख अर्जात करून, रक्कम हप्त्यांनी भरण्याची परवानगी मागावी.

प्रश्न : आमच्या गावात मीटर नाहीत. ग्रामपंचायत वर्षाची पाणीपट्टी एकरकमी लावते. फेब्रुवारीनंतर पाणी आठवड्यातून एकदाच येते, तरी पट्टी पूर्ण वर्षाची घेतली जाते. शिवाय मागच्या वर्षी भरलेली रक्कम यंदा पुन्हा थकबाकी म्हणून दाखवली आहे. हे योग्य आहे का?
— एक शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि त्यांची उत्तरे वेगळी आहेत. थकबाकीची तक्रार सोपी आहे. पैसे भरल्यावर मिळणारी ‘नमुना १०’ ची पावती शोधा. ती सापडली, तर कर मागणीची नोंदवही, म्हणजे ‘नमुना ९’, दाखवण्याची विनंती करून आपल्या नावासमोर ती रक्कम जमा धरली आहे की नाही, हे पाहा. शिक्षा-दंडाची भाषा करण्याचे कारण नाही, कारण बहुतेक वेळा एकाच आडनावाच्या दोन घरांत नोंदीची अदलाबदल झालेली असते. ग्रामपंचायतीचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, म्हणून मार्चच्या शेवटी भरलेली रक्कम कोणत्या वर्षात गेली, हेही पाहून घ्यावे. पावती न घेता शिपायाच्या हाती पैसे दिले असतील, तर मात्र हा धडा महागात पडला, असे म्हणावे लागेल.

पूर्ण वर्षाच्या पट्टीविषयी मात्र आपल्याला सुखावणारे उत्तर देता येत नाही. मीटर नसलेली पाणीपट्टी ही लिटरवर नसते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली ग्रामपंचायत ती ठरवते आणि तिच्यातून पंपाचे वीजबिल, पाणी सोडणाऱ्या माणसाचे मानधन, ब्लिचिंग पावडर आणि दुरुस्ती भागवायची असते. विहिरीची पातळी खाली गेली, की तेच पाणी उचलायला पंपाला वीज जास्तच लागते. पट्टी ज्या ठरावाने लावली त्याची प्रत मागण्याचा आणि पाणीपुरवठ्याचा जमाखर्च ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार आपल्याला आहेच. प्रत मिळाली नाही, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करावा, त्याचे उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. आकारणीच मान्य नसेल, तर पंचायत समितीकडे अपील करता येते.

परंतु आठवड्यातून एकदा येणारे पाणी जाते कोठे, हा प्रश्न पट्टीच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. मीटर नसलेल्या गावात गळती कोणाच्याच बिलात दिसत नाही, म्हणून ती फुकट आहे, असा समज होतो. पाणी सुटल्यावर एकदा गावातून चक्कर मारा आणि तोटी नसलेले किती नळ नालीत वाहत आहेत, ते मोजा. अर्ध्या इंची उघड्या नळातून मिनिटाला १० लिटर धरले, तरी तासाभरात ६०० लिटर जातात आणि ५५ लिटरच्या प्रमाणाने ते जवळजवळ अकरा माणसांचे एका दिवसाचे पाणी आहे. असे दहा नळ सापडले, तर पंपाने त्या तासात शंभरावर माणसांचे पाणी नालीसाठी उपसले, असा त्याचा अर्थ होतो. आपण ग्रामसभेत पट्टी कमी करण्याचा विषय मांडण्यापूर्वी तोट्या बसवण्याचा विषय मांडावा, असे मला वाटते. पट्टीवरचे भाषण ऐकून घेतले जाते, नळांची मोजून आणलेली यादी मात्र इतिवृत्तात लिहावी लागते.

प्रश्न : पाणी आले, की पहिली पाच-सात मिनिटे ते गढूळ असते आणि नालीसारखा वास येतो. नंतर स्वच्छ येते. आमचा पाइप नालीतून गेला आहे. काही घरी टिल्लू पंप थेट नळाला लावतात. यांचा काही संबंध आहे का?
— एक वाचक, बुलढाणा जिल्हा

उत्तर : संबंध अगदी सरळ आहे. पाइपात पाणी दाबाने वाहत असते तेव्हा छिद्रातून ते बाहेर येते. पुरवठा बंद झाला, की पाइप रिकामा होताना आत ओढ निर्माण होते आणि त्याच छिद्रातून बाहेरचे पाणी आत शिरते. पाइप नालीत बुडालेला असेल, तर शिरते ते नालीचेच पाणी. पुढच्या वेळी पाणी सुटताना सर्वांत आधी तेच आपल्या नळाला येते. टिल्लू पंप ही ओढ आणखी वाढवतो आणि पंप एका घरचा असला, तरी घाण सगळ्या ओळीतील घरांना येते.

पहिले पाणी सोडून द्यावे, ते टाक्यात तर मुळीच पडू देऊ नये, आणि गळती सापडेपर्यंत पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलावून आपल्या नळाशी क्लोरीनची तपासणी करायला सांगा. नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे भारतीय मानक सांगते. टाकीजवळ क्लोरीन पुरेसे आणि आपल्या नळाशी शून्य, असे निघाले, तर घाण वाटेत मिसळते आहे, याला दुसरा पुरावा लागत नाही. नालीतील पाइपाचा तुकडा बदलून तो नालीच्या वरून, जाड आवरणाच्या पाइपातून न्यावा. काविळीची किंवा हगवणीची साथ येण्याची वाट पाहण्याइतका हा खर्च मोठा नाही.

प्रश्न : मीटरच्या काचेत आतून वाफ धरली आहे, आकडे दिसत नाहीत आणि काटाही फिरत नाही. घरीच उघडून पुसला तर चालेल का?
— एक वाचक, वाशीम जिल्हा

उत्तर : चालणार नाही. मीटरचे सील तुटलेले आढळले, तर बंद मीटरचा साधा प्रश्न फेरफार केल्याच्या संशयात बदलतो आणि मग खुलासे देत बसावे लागते. बंद मीटरवर सरासरीने बिल लागते आणि ती सरासरी आपल्या वापराहून जास्त असू शकते, म्हणून उशीर करू नये. मीटरचा तारीख दिसेल असा फोटो काढा, शेवटचे वाचता येण्यासारखे वाचन लिहून मीटर बदलण्याचा अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. नवा मीटर बसवताना जुन्याचे शेवटचे आणि नव्याचे पहिले वाचन बसवणाऱ्याच्या सहीने लिहून घ्यावे. नवा मीटर प्रत्येक वेळी शून्यावरच असतो, असे नाही.